हातांची विद्या

आपल्या गावांतून गेल्या दोन पिढ्यांत इंजिनिअर पुष्कळ झाले. लग्नाच्या बोलणीत 'मुलगा इंजिनिअर आहे' हे वाक्य उच्चारले गेले, की पुढच्या प्रश्नांची धार कमी होते. कोणत्या शाखेचा, कोणत्या कंपनीत, पगार किती, परदेशी जाण्याचा योग आहे काय, एवढी चौकशी होते. त्या मुलाला घरातला गळका नळ दुरुस्त करता येतो काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारले तर तो त्याला अपमान वाटेल. नळ हे प्लंबरचे काम. इंजिनिअरने नकाशे काढावेत, हिशेब मांडावेत आणि आताच्या काळात संगणकाच्या पडद्यासमोर बसावे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे.

मी या व्यवसायात पस्तीस वर्षे काढली. परंतु ही वाटणी मला कधी पटली नाही. तशी ती पटू नये अशी व्यवस्था आमच्या घरात लहानपणापासूनच होती.

माझे वडील रेल्वेच्या परळ येथील वर्कशॉपमध्ये फिटर होते. पहाटेच्या गाडीने ते वसईहून निघत आणि दिवेलागणीनंतर घरी येत. घरात त्यांची एक लाकडी पेटी होती. तिच्यात पाने, पक्कड, छिन्नी, तीन प्रकारच्या कानशी, गुण्या आणि ओळंबा अशी हत्यारे आपापल्या जागी ठेवलेली असत. पेटीला कुलूप नव्हते, पण घेतलेले हत्यार पुसून त्याच जागी ठेवण्याचा नियम मात्र कडक होता. बाबा माप सांगत ते सुतात. 'पाइप दोन सूत लांब झाला' म्हटले, की पाव इंच कापायचा हे आम्हां भावंडांना शाळेत अपूर्णांक शिकण्याआधीच कळले होते.

यंत्राची प्रकृती पाहण्याच्या त्यांच्या काही पद्धती होत्या. मोटर तापली आहे काय हे ते हाताच्या मागच्या बाजूने पाहत, तळव्याने कधीच नाही. त्याचे कारण त्यांनी मला पुढे सांगितले. मोटरच्या अंगात वीज उतरली असेल तर धक्क्याने स्नायू आखडतात आणि तळवा त्या वस्तूलाच घट्ट पकडतो. मागची बाजू टेकविलेली असेल तर हात आपोआप दूर जातो. बेअरिंगमधला बिघाड ओळखण्यासाठी ते स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवीत आणि मूठ कानाशी धरीत. चांगले बेअरिंग सलग गुणगुणते, खराब झालेले खरखरते. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचे आम्हां मुलांना कौतुक वाटे. तसेच एक यंत्र आमच्या बाबांच्या पेटीतही आहे, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

रविवारी मिस्साला जाण्याआधी ते रॉकेल आणि साबण लावून हात घासत. तरीही बोटांच्या रेघांतला काळा रंग पूर्णपणे जात नसे. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा शेजारचे एक गृहस्थ मोठ्या मायेने म्हणाले, "बरे झाले, आता तुमच्या मुलाला हात काळे करावे लागणार नाहीत." बाबा हसले आणि म्हणाले, "हात काळे झाले नाहीत तर त्याला कळणार कसे?"

त्या वेळी मला हे उत्तर थोडे कडवट वाटले होते. पुढे कॉलेजच्या कार्यशाळेत आम्हांला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देण्यात आला आणि कानशीने घासून त्याच्या सहाही बाजू सपाट व काटकोनात आणण्यास सांगण्यात आले. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला, की जिथून प्रकाशाची रेघ दिसे तिथे उणीव. तीन दिवस घासूनही ती रेघ जाईना. काही विद्यार्थ्यांनी ते काम कोणाकडून तरी करून घेतले. मी मात्र तो तुकडा घरी आणला. बाबांनी माझी उभे राहण्याची पद्धतच बदलली. कानस मनगटाने चालवायची नसते, साऱ्या अंगाने चालवायची असते, हे त्यांनी माझ्या पाठीशी उभे राहून, माझे हात आपल्या हातांत धरून शिकविले. नकाशावर एक इंचाच्या हजाराव्या भागाची सूट लिहिणे किती सोपे आहे आणि ती लोखंडात उतरविण्यासाठी किती श्रम पडतात, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर कोणत्याही नकाशावर अकारण बारीक माप लिहिताना माझा हात थबके.

नोकरी मला पंप बनविणाऱ्या एका कारखान्यात मिळाली. आमच्या मुख्य साहेबांचा दंडक असा, की नव्या इंजिनिअराने पहिले सहा महिने कार्यालयात बसायचे नाही. जुळणी विभागात आणि गिऱ्हाइकांच्या विहिरींवर फिरायचे. अशाच एका फेरीत एका शेतकऱ्याची तक्रार आमच्याकडे आली. नवा पंप थोडे पाणी देई आणि मग बंद पडे. कार्यालयातून त्याला दोनदा हिशेबाचे कागद पाठविण्यात आले होते आणि हिशेब अगदी बरोबर होते. मी फोरमनबरोबर गेलो. त्यांनी कागद पाहिलेच नाहीत. बादलीत साबणाचा दाट फेस केला, पंप सुरू करविला आणि विहिरीतून येणाऱ्या पाइपाच्या प्रत्येक जोडावर तो फेस हाताने चोपडीत गेले. तिसऱ्या जोडापाशी फेस आत ओढला गेला. तेथून हवा शिरत होती. आटे साफ करून, सफेदा आणि सुतळी लावून जोड पुन्हा आवळला. अर्ध्या तासात पाटाला पाणी लागले. परतताना ते मला म्हणाले, "साहेब, पंप पाणी ओढतो असे लोकांना वाटते. तो हवेला जागा करून देतो, इतकेच."

शास्त्रदृष्ट्या ते वाक्य पूर्ण बरोबर होते. पंप आपल्या पोटातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरील हवेचा जो भार असतो, तो पाण्याला पाइपात वर ढकलतो. हा भार जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचे पाणी तोलू शकतो. व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नसतो. म्हणून पूर्वी खोल विहिरीत खाली उतरून, पाण्याजवळ कट्टा बांधून त्यावर पंप बसवावा लागे. या शोधाची कथाही मोठी उद्बोधक आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका पंपाची हकीकत दिली आहे. पंप बिघडला असे समजून दुरुस्तीला कारागीर बोलाविला, तेव्हा त्याने सांगितले, की दोष पंपात नाही. पाणी फार खाली गेले आहे आणि अठरा हातांहून खोल असलेले पाणी कोणताही पंप वर आणू शकत नाही. ही गोष्ट पंप दुरुस्त करणाऱ्यांना ठाऊक होती. विद्वानांना तिचे कारण ठाऊक नव्हते. स्वतः गॅलिलिओलाही ते नेमके सांगता आले नाही. पुढे काही वर्षांतच, १६४३-४४ च्या सुमारास, टॉरिचेलीने पाऱ्याची नळी घेऊन हवेला वजन असते हे दाखविले. हवेच्या दाबाचे सारे शास्त्र ज्या प्रश्नातून उभे राहिले, तो प्रश्न प्रथम कारागिरांच्या हाताला लागला होता.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे देता येईल. ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकण्यास गेले होते. पण रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीत दोष आढळला आणि त्यांना रंगचित्रांचा नाद सोडावा लागला. मग त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याकडे मोर्चा वळविला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय ते शिकवू लागले. पुढे बेळगावला त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, आणि त्या दुकानातूनच कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर हा उद्योग वाढला. १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर विकण्यासाठी जमीन ओळखावी लागते, फाळ कोठे झिजतो हे पाहावे लागते, शेतकऱ्याची शंका ऐकावी लागते. लक्ष्मणरावांची पदवी ही होती.

दुसरे उदाहरण रेल्वेचे आहे आणि बाबांना ते फार प्रिय होते. डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने रामेश्वरला जाणारा पांबनचा समुद्रातील पूल मोडून टाकला. पूल पुन्हा उभा करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत ठरली होती. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम ज्यांच्याकडे होते ते तरुण अभियंते ई. श्रीधरन. नव्या तुळया घडवून दूरवरून आणण्यात वेळ जाईल हे दिसताच स्थानिक कोळ्यांच्या मदतीने समुद्रात पडलेल्या जुन्या तुळया शोधण्यात आल्या. त्या वर काढून, दुरुस्त करून पुन्हा बसविण्यात आल्या आणि पूल ४६ दिवसांत उभा राहिला. याच श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली पुढे कोकण रेल्वे झाली. १९९८ साली ती पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा बाबा हट्टाने तिच्यातून मडगावला जाऊन आले. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल पाहताना ते खिडकीची गजे धरून उभे होते, आणि घरी आल्यावर चार दिवस दुसरे काही बोलले नाहीत.

असो. बाहेरच्या पुलांविषयी इतके लिहिले. घरातल्या इंजिनिअराचीही थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे, की घरात इंजिनिअर असणे म्हणजे दुरुस्ती लांबणीवर पडण्याची हमी असणे. परका माणूस नळाचा वायसर बदलून दहा मिनिटांत जातो. घरचा इंजिनिअर वायसर का झिजला याचा विचार करीत बसतो. या आरोपात तथ्य आहे. परंतु खरी व्यवहारी बुद्धी पाहायची तर ती मी आईजवळ पाहिली. कुकरची शिटी नेहमीपेक्षा उशिरा झाली, की ती रबराची कडा बोटाने चाचपी. रबर कडक झाले असेल तर वाफ कडेने निसटणार हे तिला ठाऊक होते. वाडीतल्या पंपाचा आवाज बदलला तर स्वयंपाकघरातूनच ती हाक मारी, "अरे, पाणी खाली गेले, पंप बंद करा!" आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले होते.

आता त्या पंपाची आणि त्या विहिरीची गोष्ट सांगतो, कारण आमच्या घरातला कसोटीचा प्रसंग त्या विहिरीवरच आला.

आमच्या वाडीतली विहीर माझ्या पणजोबांच्या वेळची. माझ्या लहानपणी तिच्यावर रहाट होता. बैल फिरे, लोटे भरून वर येत आणि पाटाने पाणी केळींना जाई. बैल दमला की रहाट थांबे, आणि तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरून येई. नंतर तेलाचे इंजिन आले आणि त्यामागून विजेचा पंप. केळी, पानवेली, भाजीपाला यांना भरपूर पाणी मिळू लागले. गावाच्या कष्टांत ती मोठी सुटका होती आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार बैलामागे न चाललेल्या माणसाला नाही. परंतु ऐंशीच्या दशकानंतर वस्ती वाढली, उपसा वाढला आणि आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ लागले. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. २००७ सालापर्यंत फेब्रुवारीच्या मध्यालाच पाणी तोंडात धरवेनासे झाले.

धाकटा भाऊ म्हणाला, "वाडीला पाणी नाही, तर वाडी ठेवून काय करायची?" जमीन मागणारे दोनदा येऊन गेले होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. राबत होता तो, मी सुट्टीचा पाहुणा. बाबा तेव्हा पंचाऐंशीचे होते. ते एवढेच म्हणाले, "विकायची तर विका. पण आधी विहिरीला झाले काय ते तरी पाहा. घरात दोन इंजिनिअर आहेत." दुसरी इंजिनिअर म्हणजे माझी पुतणी. ती तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होती.

समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील घायबेन या लष्करी अभियंत्याने आणि १९०१ साली जर्मनीतील हेर्झबर्ग याने त्याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर जितके फूट गोडे पाणी असेल, त्याच्या साधारण चाळीसपट फूट ते खाली भरलेले असते. म्हणजेच वरची पातळी कायमची एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकते. हे सूत्र मी विद्यार्थिदशेत वाचले होते. आता तेच सूत्र आमच्या विहिरीच्या काठावर उभे होते.

बाबांनी सुंभाच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला ओळंबा बांधला आणि रोज सकाळ-संध्याकाळ पातळी मोजण्याचे काम आपल्याकडे घेतले. पुतणीने वही धरली. महिन्याभरात दिसून आले, की सलग दोन तास पंप चालविला तर पाणी खूप खोल जाते आणि दुसऱ्या दिवशीही पूर्ण भरून येत नाही. अर्धा तास चालवून थांबले तर ते लवकर सावरते. मग आम्ही छपराचा हिशेब केला. आमचे छप्पर सुमारे नव्वद चौरस मीटर, पाऊस वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर. वाया जाणारे वगळून सुमारे दीड लाख लिटर पाणी विहिरीत सोडता येईल. आकडा मोठा वाटला. पुतणीने लगेच दुसरा हिशेब केला. आमचा तीन अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे वीस हजार लिटर पाणी उपसतो. "काका, म्हणजे छपराचा अख्खा पावसाळा आपण साडेसात तासांत संपवणार!" आम्ही सारे गप्प झालो. छपराचे पाणी विहिरीत घालणे आवश्यक होते. पण हात आखडणे त्याहून आवश्यक होते.

२००८ च्या मे महिन्यात आम्ही कामाला लागलो. खड्डा भावाने आणि मी खणला. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, जाळी, आणि वर जाड वाळू असे थर घातले. पन्हळीचे पाणी वाळूवर पडावे, थरांतून गाळून खालच्या पाइपाने विहिरीत जावे, अशी रचना केली. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्यासाठी वेगळी तोटी ठेवली. पाइपाचे आटे बाबांनी खुर्चीवर बसून स्वतः पाडले. त्यांना दुसऱ्याचे आटे चालत नसत. पुतणीने विहिरीत ठराविक खोलीवर स्टीलच्या कांड्या सोडल्या आणि पाणी त्यांच्या खाली गेले की पंप आपोआप बंद व्हावा अशी विजेची जोडणी केली. पहिल्या दिवशी ती जोडणी चालेना. तिने तारा तपासल्या, मंडळ तपासले, सारे ठीक होते. आजोबांनी कांडीवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "बाय, हिला ग्रीस लागले आहे." कांडी पुसली आणि यंत्र चालू झाले. त्यानंतर कित्येक दिवस ती त्यांच्या पेटीतले एकेक हत्यार काढून त्याचे नाव विचारीत असे.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी पाणी मार्चच्या अखेरीपर्यंत गोड राहिले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही दिवस. एप्रिल-मेमध्ये ते अजूनही मचूळ होते. एका घराच्या संयमाने साऱ्या किनाऱ्याचे पाणी सावरत नाही. पण शेजारच्या तीन घरांनी आमचे पाहून असे खड्डे केले, केळींचे क्षेत्र कमी करून भावाने वाडी राखली आणि विकण्याचा विषय थांबला. बाबा २०१२ साली गेले. शेवटच्या फेब्रुवारीतही विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन, चव घेऊन, "चालेल" एवढे ते म्हणाले होते. गाठींची दोरी आता पुतणीच्या घरी असते. ती आज मोठ्या कंपनीत संगणकावर काम करते. नव्या मुलांना घेताना ती त्यांना आधी काय उघडून पाहिले आहे, हे विचारते.

वाचकहो, आपल्या आईवडिलांनी चिखलात आणि तेलात हात घालून आपल्याला शिकविले. आपल्या मुलांचे हात स्वच्छ राहावेत ही त्यांची इच्छा मायेची होती. तिचा अर्थ मात्र आपण फार ताणला आहे. हिशेबाने जे कळते ते हाताने पडताळून पाहिल्याशिवाय पुरते कळत नाही, आणि हाताला जे कळते त्याचे कारण शोधायला हिशेबच लागतो. दोहोंपैकी एक गाळले तर दुसरे लंगडे पडते. येत्या सुट्टीत घरातला एखादा जुना बंद पडलेला पंखा मुलांपुढे ठेवा, मुलींपुढेही ठेवा. त्याची वायर प्लगमधून काढून टाका, एक पक्कड आणि एक स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि थोडा वेळ जवळ बसा. पंखा दुरुस्त होईलच असे नाही. पण कोणता स्क्रू कोठून निघाला हे लक्षात ठेवायला ती शिकतील, आणि त्यांच्या बोटांना लागलेले काळे तेल धुवायला तुम्ही रॉकेल शोधू लागाल.